शून्याच्या जागेवरचा पहारा

राखण कशाची करावी, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले आहे : ज्याला मोल आहे त्याची. उभ्या पिकाची, धान्याच्या कणगीची, दागिन्यांच्या डब्याची. पीक निघून गेलेल्या रानात मचाणावर बसून जो रात्र जागवील त्याला लोक वेड्यातच काढतील. या सर्वमान्य उत्तराशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी बरेच दिवस माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसल्या आहेत. पहिली आमच्या नगर जिल्ह्यातली आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले, जिभेवरचे नाव बदलायला थोडा वेळ लागतो.) नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात भरल्या घरांनाही दारे नसण्याची रीत आहे. चौकट असते, तिला फळ्या नसतात. शनिदेव पाहत आहे, मग कडीकोयंडा कशाला, अशी तिथली श्रद्धा. दुसरी गोष्ट संगणकाच्या पोटातली आहे. तिथे एक जागा अशी असते, की जिच्यात काही ठेवलेले नसते आणि काही ठेवायचेही नसते. आणि नेमक्या तिच्यावरच कडक पहारा असतो. भरल्या घराला दार नाही आणि रिकाम्या जागेला मात्र जागल्या, असा हा प्रकार आहे.

पहिली गोष्ट भाविकांच्या कौतुकाची आणि दुसरी यंत्रज्ञांच्या किचकट व्यवहाराची, असे म्हणून दोन्ही बाजूला सारता येतील. पण दुसऱ्या गोष्टीच्या पोटात मला एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. बलवानाच्या हातून चूक होण्याचा संभव आहे म्हणून दुर्बळाच्या वाटेवर बंधन घालणे न्याय्य आहे काय? आणि ते घातलेच, तर त्यातून सूट कोणाला द्यावी आणि कशाच्या बळावर द्यावी? हा प्रश्न गावाच्या चावडीवर जितका खरा आहे तितकाच यंत्राच्या गाभ्यातही खरा आहे. फरक एवढाच, की यंत्रात सगळे नियम लिहून ठेवावे लागतात. 'समजून घ्या' म्हणून तिथे भागत नाही. त्यामुळे तिथे प्रश्नाच्या कडा अधिक स्वच्छ दिसतात.

संगणकाची स्मृती म्हणजे खणांची एक लांबच लांब ओळ. प्रत्येक खणाला क्रमांक असतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रोग्रॅमला एखादी वस्तू हवी असली की तो तिच्या खणाचा क्रमांक घेऊन तिथे जातो. हा क्रमांक म्हणजे त्या वस्तूचा पत्ता. पण पुष्कळदा पत्ता अजून ठरलेला नसतो, किंवा वस्तूच अस्तित्वात आलेली नसते. अशा वेळी पत्त्याच्या रकान्यात शून्य लिहून ठेवण्याची प्रथा पडली. म्हणजे शून्य हा 'पत्ता नाही' असे सांगणारा पत्ता झाला. टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत 'कुठेच न जाणारा पत्ता' ही कल्पना आणली आणि २००९ साली एका परिषदेत तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लहान गोष्टीबद्दल असे का म्हणावे, हे समजण्यासाठी आपल्याला पुणतांब्यापर्यंत जावे लागेल.

पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांच्या पत्राची कथा मराठी माणसाला सांगायला नको. ज्ञानदेवांना पत्र लिहायचे, तर मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार लिहावा? ठरेना, म्हणून चांगदेवांनी कोराच कागद धाडला. आणि त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. आपण या कथेत ज्ञानदेवांची थोरवी पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण कागदाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोऱ्या कागदावर काय उमटायचे ते पाठवणारा ठरवीत नाही; तो ज्याच्या हाती पडतो तो ठरवतो. चांगदेवांचे भाग्य असे की कागद ज्ञानदेवांच्या हाती पडला. खाली सही केलेला कोरा कागद एखाद्या ठकाच्या हाती पडला, तर काय होते ते सावकाराच्या दारात अंगठा उठवून आलेल्या पिढ्यांना चांगले ठाऊक आहे.

शून्य पत्त्याचे संकट नेमके हेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. सगळ्या यंत्रावर त्याची सत्ता चालते; बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे त्याची रयत. रयतेपैकी कोणी अर्ज केला की कर्नेल तिचे काम करायला उभा राहतो, आणि ते काम करताना तो त्या प्रोग्रॅमच्याच पत्त्यांच्या नकाशात वावरतो. सर्वसाधारण पीसीवर या नकाशाचा वरचा भाग कर्नेलचा आणि खालचा भाग प्रोग्रॅमचा असतो. शून्य क्रमांक खालच्या भागात, म्हणजे रयतेच्या हद्दीत येतो. आता समजा, कर्नेलच्या आज्ञावलीत कुठे दोष राहिला आणि तो एखाद्या कोऱ्या पत्त्याच्या मागे चालत गेला. तो जाऊन पोचतो शून्यावर. तिथे कोणी नसेल तर त्याला ठेच लागते, चाललेले काम थांबते, दोषाची नोंद होते. नुकसान झाले तरी बहुधा आटोक्यात राहते. पण एखाद्या लबाड प्रोग्रॅमने आधीच शून्याची जागा मागून घेऊन आपल्या नावावर चढवली असेल आणि तिथे आपले बिऱ्हाड मांडले असेल, तर कर्नेल तिथला मजकूर आपलाच समजून वाचतो. तिथे आज्ञा लिहिलेल्या असल्या तर त्या पाळतो; आणि पाळताना त्याच्या अंगी सर्वाधिकार असतात. सही कर्नेलची, मजकूर ठकाचा!

यावर लिनक्समध्ये २००७ साली, २.६.२३ या आवृत्तीत, एक उपाय आला. 'एम-मॅप-मिन-ॲडर' असे त्याचे ओबडधोबड नाव आहे. अर्थ असा, की एका ठरावीक क्रमांकाच्या खालची जागा कोणालाही सहज नावावर करून मिळणार नाही. मागणाऱ्यापाशी विशेष अधिकार आहे की नाही ते आधी पाहिले जाईल. कोऱ्या पत्त्यापासून चार पावले पुढची वस्तू मागितली तरी कर्नेल शून्याच्या आसपासच पोचतो, म्हणून एकच खण न राखता सामान्यतः पहिले ६५,५३६ खण राखून ठेवतात. हा आकडा मोठा वाटेल. पण ६४ बिटांच्या नेहमीच्या यंत्रावर प्रोग्रॅमला १२८ टेराबाइटांची हद्द दिलेली असते. तिचा हा सुमारे २१४ कोटींतला एक भाग आहे. २१४ कोटी पावलांच्या रानात एक पाऊल वर्ज्य.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. आता न्यायाची.

चूक कोणाची? कर्नेलची. कोऱ्या पत्त्यामागे तो गेला. बंधन कोणावर? रयतेवर. हा तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला, असे कोणी म्हणेल. आणि या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याच्या हाती सत्ता त्याने आपले दोष दुरुस्त करावेत, लोकांच्या वाटा बंद करू नयेत, हे तत्त्व मीही मानतो. पण हे तत्त्व एक गोष्ट गृहीत धरते : सत्ताधीशाला आपले सगळे दोष ठाऊक आहेत. ते त्याला ठाऊक नसतात. ऑगस्ट २००९ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिनेस या दोघांनी लिनक्समधला असाच एक दोष उघड केला. कोऱ्या पत्त्यावर उडी मारणारा तो दोष २००१ पासून, म्हणजे आठ वर्षे, कर्नेलमध्ये होता. जगभरच्या जाणत्या माणसांनी ती आज्ञावली उघड्यावर वाचली होती, आणि तरी तो राहिला. ज्याचे दोष आठ आठ वर्षे दिसत नाहीत त्याने 'मी सुधारेन, तोवर थांबा' असे म्हणणे पुरेसे नाही. दोष असणारच असे धरून त्याचे परिणाम बोथट करून ठेवणे, यालाच मी शहाणपण म्हणतो.

तरीही भाराचा प्रश्न उरतोच. आमच्या जिल्ह्यात त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार या दोन गावांनी दुष्काळातून वर येताना जे नियम केले त्यांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. बोडक्या टेकडीची राखण! राखण्यासारखे तिथे काही नव्हते. राखले तरच काही उगवणार होते. टेकड्या उघड्या पडल्या त्याला शेळी एकटी कारण नव्हती. झाडे तोडणारे हात निराळे होते, अवर्षण होते, वर्षानुवर्षांची बेपर्वाई होती. पण बंदीचा भार पहिल्यांदा पडतो तो शेळीवाल्यावर, आणि शेळी बहुधा त्याच्याच घरी असते ज्याच्या नावावर जमीन नसते. मग ही बंदी अन्यायाची झाली काय? मला वाटते, ती न्यायाची ठरू शकते, पण अटींवर. बंदी सरपंचाच्या बैलालाही तितकीच लागू असली पाहिजे. गवत कापून गोठ्यात नेण्याची वाट गरिबाला मोकळी असली पाहिजे. आणि जे पाणी मुरले त्यात ज्याने शेळ्या आवरल्या त्याचाही वाटा असला पाहिजे. एवढे असेल तर बंदी हा गावाचा संयम होतो. एवढे नसेल तर ती बलवानाची सोय असते, नियमाचे नाव घेतलेली.

शून्याच्या पहाऱ्याला या कसोट्या लावून पाहिल्या तर तो बऱ्याच अंशी उतरतो. त्याचा भार हलका आहे. तो सर्वांना सारखा आहे. आणि त्यामुळे कर्नेलचे दोष शोधण्याचे काम कोणी सोडून दिलेले नाही. पण पुढची कसोटी अवघड आहे : सूट कोणाला?

सूट द्यावी लागते, कारण शून्य ही जागा जन्मतः रिकामी नव्हती. १९८१ साली आयबीएमचा जो पीसी आला त्यात शून्यापासूनचे पहिले १,०२४ खण सर्वांत महत्त्वाचे होते. कुठली हाक आली की कुठे धावायचे, याचा तक्ता तिथे मांडलेला असे. गावाची चावडीच म्हणा ना. त्या काळात लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम आजच्या यंत्रात चालवायचे, तर काही रीतींत त्यांना हीच खालची जागा द्यावी लागते. डॉसईमू, वाइन अशी जी साधने जुन्या प्रोग्रॅमना नव्या घरात नांदवतात त्यांच्यापुढे ही अडचण येते. जुन्या माणसांना नव्या नियमांनी घराबाहेर काढायचे नसेल, तर कुठे तरी फट ठेवावी लागते. विंडोजनेही आठव्या आवृत्तीत, २०१२ साली, शून्याची जागा बंद केली, आणि तिथेही सोळा बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी सोय चालू केली की हे संरक्षण जाते. जुन्याची कदर आणि सर्वांची सुरक्षितता यांचा हा झगडा आपल्या घराघरांत चालतो, तसाच तिथेही चालला आहे.

लिनक्समध्ये ही सूट कशी मिळते ते पाहण्यासारखे आहे. पहारेकरी 'तू कोण' असे विचारत नाही. 'तुझ्यापाशी अमुक अधिकार आहे काय' असे विचारतो. त्या अधिकाराला 'कॅप-सिस-रॉ-आयओ' असे नाव आहे. आणि एक बारकावा मला फार आवडतो : या अधिकाराच्या जोरावर ज्याने खालची जागा मिळवली, त्याच्या नावापुढे 'याने विशेष अधिकार वापरला' अशी खूण केली जाते. सूट मिळते, पण नोंदीशिवाय नाही.

याच्या शेजारी शिंगणापूरचा चौथरा ठेवून पाहावा. तिथली शिळा उघड्यावर, चौथऱ्यावर आहे, आणि त्या चौथऱ्यावर स्त्रियांनी चढायचे नाही अशी रूढी होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चढली तेव्हा शुद्धीकरण करण्यात आले. पुढे आंदोलन झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांतील प्रवेशाबाबतचा १९५६ चा कायदा महाराष्ट्रात होताच. जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे स्त्रीला अडवणारा कोणताही कायदा नाही, असे न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. ज्या गावात दारे नाहीत त्या गावात अर्ध्या माणसांसाठी एक अदृश्य दार होते, ते त्या दिवशी उघडले.

दोन्ही ठिकाणी पहारा होता, दोन्ही ठिकाणी काहींना मुभा आणि काहींना मनाई होती. मग एक मला मान्य का आणि दुसरा अमान्य का? केवळ एक नवा आणि दुसरा जुना म्हणून नव्हे. मी दोन्ही पहारेकऱ्यांना एकच प्रश्न विचारतो : बाबा रे, तू कशापासून राखतोस? मी बाजूने गेलो तर नेमके काय मोडेल ते मला दाखव. कर्नेलचा पहारेकरी दाखवू शकतो. कोणता दोष, कोणती वाट, कोणते नुकसान, हे सगळे तो कागदावर मांडू शकतो, आणि ज्याला शंका असेल त्याला ते पडताळून पाहता येते. चौथऱ्यावरच्या पहारेकऱ्यापाशी 'हे असेच चालत आले आहे' यापलीकडे उत्तर नव्हते. शिवाय कर्नेल जी गोष्ट तपासतो ती मिळवता येते, सोडता येते, काढून घेता येते. जन्माने मिळालेला देह मिळवता येत नाही आणि सोडताही येत नाही. ज्या कसोटीला माणूस कोणत्याही प्रयत्नाने उतरू शकत नाही ती कसोटी नसते. ती भिंत असते.

मात्र यंत्राला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचीही घाई नको. तिथला हा अधिकार फार ढोबळ आहे. तो ज्याला दिला त्याला शून्याची जागा मिळते, आणि त्याबरोबर यंत्राच्या अवजारांना थेट हात घालण्याची मुभाही मिळते. एक जुना खेळ चालवण्यासाठी घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात, तसे हे आहे. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुल्या केलेल्या 'एसई-लिनक्स' या सुरक्षाव्यवस्थेत एवढ्याच कामापुरती निराळी परवानगी ठेवण्यात आली. कल्पना उत्तम होती. पण २००९ च्या जुलैत ब्रॅड स्पेंग्लर याने दाखवून दिले, की ही दुसरी व्यवस्था चालू असली म्हणजे कर्नेल फक्त तिलाच विचारतो, जुन्या पहारेकऱ्याला विचारतच नाही. आणि या नव्या पहारेकऱ्याने सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना उदारपणे परवानगी देऊन ठेवली होती! परिणाम असा, की ज्या यंत्रावर अधिक संरक्षण बसवले होते त्याचेच शून्य उघडे पडले. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी दोन जागल्यांची वेस उघडी राहिली. नंतर दुरुस्ती झाली ती अशी, की दोन्ही पहारे वेगवेगळे उभे राहतील आणि दोघांनीही 'हो' म्हटले तरच वाट मिळेल. यातला बोध संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे : नव्याने दिलेली परवानगी जुन्या नकाराला आपोआप पुसून टाकू शकत नाही. नवी समिती नेमली की जुना हिशेबतपासनीस घरी जातो, अशी आपली रीत असते. आणि मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

याहून सूक्ष्म घटना २०१९ ची आहे, आणि माझ्या प्रश्नाचे मर्म मला तिच्यात सापडते. स्मृतीचे काही तुकडे गरज पडेल तसे खाली खाली वाढत जातात. असा वाढणारा तुकडा मर्यादेच्या खाली उतरू लागला, की तिथेही पहारेकरी अधिकार तपासतो. यान हॉर्न या संशोधकाच्या ध्यानात आले, की तपासणी होते खरी, पण भलत्याच माणसाची होते. लबाड प्रोग्रॅम स्वतः खाली उतरत नाही. तो अशी युक्ती करतो की एखाद्या अधिकारसंपन्न प्रोग्रॅमने त्याच्या स्मृतीत काही लिहावे. ते लिहिले जात असताना तुकडा खाली वाढतो. पहारेकरी विचारतो, 'लिहिणाऱ्यापाशी अधिकार आहे काय?' लिहिणाऱ्यापाशी तो असतोच. वाट मिळते. जागा मात्र लबाडाची होते. नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने १९८८ साली अशा फसलेल्या अधिकाऱ्याला जे नाव दिले त्याचा मराठीत भाव 'गोंधळलेला मुखत्यार' असा होईल. अधिकार मुखत्याराचा, काम तिसऱ्याचेच, आणि मुखत्याराला त्याचा पत्ताही नाही.

आपल्या व्यवहारात हे चित्र अनोळखी नाही. कोणत्याही मोठ्या यात्रेत साहेबांच्या मागोमाग चार माणसे दर्शनाच्या रांगेतून पुढे जातात. दारवान साहेबांचा चेहरा पाहतो आणि बाजूला होतो. मागचे चौघे कोण, हे तो विचारत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यापुढे सहीला आलेल्या गठ्ठ्यात एक कागद निराळा असतो. सही प्रामाणिकच असते. म्हणून अधिकार तपासताना 'कोण करतो आहे' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणासाठी होते आहे, आणि जागा अखेर कोणाच्या नावावर चढते आहे' हे विचारले पाहिजे. लिनक्समध्ये या दोषावर जो तोडगा निघाला तो उद्‌बोधक आहे. या वाटेवर अधिकार विचारणेच त्यांनी बंद केले. वाढणारा तुकडा मर्यादेखाली जाणार नाही, मग समोर कोणीही असो. जिथे खऱ्या धन्याची ओळख पटवता येत नाही तिथे सूटच ठेवू नये, असा हा निर्णय. काही नियम अपवाद न ठेवण्यानेच न्याय्य होतात.

आता शिंगणापूरच्या दारांकडे वळतो, कारण एक आक्षेप तिथून येण्यासारखा आहे. इतके पहारे, इतक्या तपासण्या, यापेक्षा विश्वासावर चालणारे गाव श्रेष्ठ नाही काय? मला त्या गावाची थट्टा करायची नाही. पण ते गाव पहाऱ्याशिवाय चालते, असे म्हणणे चूक आहे. तिथे पहारा आहे. तो शनीच्या दृष्टीचा आहे. जिथे ओळखीची माणसे होती आणि ती दृष्टी सर्वांना मान्य होती तिथवर तो चालला. २०१० मध्ये बाहेरगावच्या भाविकाची चोरीची तक्रार आली. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली, तेव्हाही काचेचे दार होते आणि सहज नजरेत न येणारे विद्युतचुंबकीय कुलूप होते. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे लुबाडल्याचा आरोप विधानसभेपर्यंत पोचला. त्या वाटेला चौकट नाही आणि उंबरठाही नाही. अनोळखी लोकांच्या जगात विश्वास हवाच. पण त्याला रचनेचा आधार द्यावा लागतो.

तरीही त्या जुन्या श्रद्धेत एक गोष्ट मोलाची आहे, आणि ती यंत्रज्ञांना उशिरा सुचली. शनीची दृष्टी दुर्बळावर तशीच बलवानावरही पडते. घरात शिरणाऱ्यावर ती आहे, तशी गावच्या पाटलावरही आहे. शून्याचा पहारा मात्र पहिल्यापासून रयतेच्याच दारात उभा होता. चुकणारा कर्नेल मोकळा होता. २०१२ साली इंटेलच्या 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसरांत एक नवे कलम आले : कर्नेल रयतेच्या जागेतल्या आज्ञा पाळणार नाही. २०१४ साली 'ब्रॉडवेल'मध्ये दुसरे आले : स्वतः मुद्दाम दार उघडल्याखेरीज तो रयतेच्या जागेतला मजकूर वाचणारही नाही आणि तिथे लिहिणारही नाही. यंत्र सुरू होताना कर्नेल स्वतःच ही कलमे चालू करतो. आपल्याच हातांना आपण बेडी घालतो म्हणा. शून्याचा जुना पहारा त्यानंतरही राहिला आहे, आणि राहावा. पण आता बंधन एकतर्फी उरलेले नाही.

म्हणून माझ्यापुरते उत्तर असे. रिकाम्या जागेवरचा पहारा न्याय्य असू शकतो. पण पहारा बसवणाऱ्याने त्याचे खरे कारण सांगितले पाहिजे. ते कारण 'तुमचा भरवसा नाही' हे नसते. ते असते : 'माझ्या हातून चूक होईल, आणि माझी चूक तुमच्या चुकीपेक्षा फार महाग आहे.' एवढे मान्य करणारी सत्ता सूट देताना माणसाचे कूळ पाहत नाही, त्याची गरज पाहते. सुटीची नोंद ठेवते. आणि आज ना उद्या स्वतःवरही तेच बंधन घेते. आपल्याकडे 'प्रवेश बंद'च्या पाट्या पुष्कळ आहेत : कचेऱ्यांत आहेत, देवळांत आहेत, घरांत तर न लिहिलेल्या आहेत. प्रत्येक पाटीपुढे थांबून विचारावे, की ही पाटी कोणाची चूक झाकते आहे. ज्या पाटीपाशी या प्रश्नाचे उत्तर मिळते तिथून मी मुकाट्याने मागे फिरेन. जिथे मिळत नाही तिथे मागे फिरण्याचे मला कारण दिसत नाही.